मार्जिनबाई आणि चारशे बारा प्रश्नचिन्हं

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर एक चारमजली इमारत आहे. तिच्या जिन्याखालच्या खोलीत बत्तीस वर्षं एकच बाई बसत आली. खोली इतकी बुटकी, की उंच माणसाला आत येताना मान तुकवावी लागे, आणि त्यामुळे बड्याबड्या प्राध्यापकांनीही तिला रोज वाकून नमस्कार केल्यासारखं दिसायचं. बाई प्रबंध टाइप करायची. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. विद्यार्थी तिला मार्जिनबाई म्हणत. त्याचं कारण असं, की कोणीही कागद घेऊन आलं तरी ती विषय विचारायची नाही, मार्गदर्शक कोण ते विचारायची नाही. पहिलं वाक्य ठरलेलं, "डावीकडे दीड इंच सोडणार. बाइंडिंगमध्ये अक्षरं गिळली गेली तर मला बोल लावायचा नाही." हे नाव आधी पाठीमागे चाललं, मग तोंडावर आलं, आणि शेवटी बाई स्वतःच फोन उचलून म्हणू लागली, "मार्जिनबाई बोलतेय."

अर्थ गिऱ्हाइकाचा आणि स्वल्पविराम आपला, अशी तिने कामाची वाटणी करून टाकली होती. दोनेकशे प्रबंध तिच्या बोटांखालून गेले, पण त्यातला एकही तिने वाचला असं म्हणता येणार नाही.

सहा वर्षांपूर्वी विज्ञानवाल्यांनी नवीच टूम काढली. यापुढे प्रबंध एका वेगळ्याच पद्धतीने जुळवायचे. या पद्धतीत पडद्यावर पान दिसतच नाही. साध्या मजकुरात मध्येमध्ये आज्ञा लिहायच्या, इथे मथळा, इथे आकृती, इथे संदर्भ. मग एक बटण दाबायचं, की यंत्र सगळं वाचतं आणि पानं रचून देतं. बाईच्या भाचीने दोन रविवार बसून तिला हे शिकवलं, एक वही भरून दिली आणि नोकरीसाठी दुसऱ्या देशात निघून गेली. बाई वहीवरून चालू लागली. मथळे जमले, आकृत्या जमल्या, समीकरणंसुद्धा जमली. संदर्भांचा भाग मात्र ती गिऱ्हाइकाकडूनच तयार करून घ्यायची. वहीतलं ते पान तिला कधी कळलंच नव्हतं, आणि न कळलेलं पान उलटून पुढे जायची सोय तिने शोधून काढली होती.

मग दगडफूलवाले सर गेले.

हे सर वनस्पतिशास्त्राचे. खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या दगडफुलांवर त्यांनी चाळीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. तिला ते अक्का म्हणत, म्हणून सगळा विभागही अक्काच म्हणे. निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यभराच्या अभ्यासाचं पुस्तक लिहायला घेतलं, लिहून पुरं केलं, आणि छापायला देण्याआधीच एका सकाळी खुर्चीत बसल्याबसल्या संपले. विभागाने ठरवलं, की पुस्तक काढायचं. पाच आठवड्यांनी त्यांच्या स्मरणार्थ सभा होती, तिथे ते हातात हवं. अक्का एका पिशवीत सरांचा संगणक घालून बाईच्या खोलीत आल्या. वय एकोणऐंशी. शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

सगळं तयार आहे, फक्त पानं काढायचीत, असं त्यांनी सांगितलं. बाईनेही मान डोलावली. बटण दाबलं. सव्वातीनशे पानं आली, देखणी, डावीकडे दीड इंच सोडलेली. आणि त्या पानांत जिथेजिथे संदर्भाचा आकडा यायला हवा, तिथेतिथे चौकोनी कंसात एक प्रश्नचिन्ह. बाईने मोजली. चारशे बारा. पुस्तकाच्या शेवटी संदर्भांची यादी असायला हवी, तिथे नुसता कोरा कागद.

अक्कांनी भिंगातून एक पान पाहिलं आणि विचारलं, "त्याला इतक्या शंका होत्या?"

बाईने पान उलटं ठेवलं. तिने उद्या या म्हटलं.

नाइलाजाने भाचीच्या वहीतलं ते पान उघडावं लागलं. तिथे लिहिलं होतं ते थोडक्यात असं: संदर्भ मजकुरात नसतात, ते वेगळ्या फाइलीत असतात. प्रत्येक संदर्भाला एक टोपणनाव दिलेलं असतं. मजकुरात फक्त टोपणनाव लिहायचं. यंत्र पहिल्या फेरीत कोणकोणती टोपणनावं मागितली त्याची चिठ्ठी लिहून ठेवतं. मग दुसरा एक प्रोग्रॅम ती चिठ्ठी घेऊन फाइलीत जातो आणि हवे ते संदर्भ काढून यादी करतो. मग पुन्हा पहिल्याला चालवायचं, म्हणजे तो यादी आत घेतो. आणि मग आणखी एकदा, म्हणजे आकडे जागेवर बसतात. खाली भाचीने लाल शाईने लिहिलं होतं: एकदा आपण, एकदा तो, दोनदा परत आपण.

बाईने ते चार वेळा वाचलं. तेच काम तीनदा का करायचं, हे काही तिच्या गळी उतरेना. एकदा दिलेला निरोप ज्याला तीनदा ऐकावा लागतो, त्याला तिच्या घरी वेगळं नाव होतं. पण केलं. एकदा आपण, एकदा तो, दोनदा परत आपण. चारशे बाराची एकसष्ट झाली.

अक्कांना तिने ही बातमी आनंदाने दिली. अक्का म्हणाल्या, "म्हणजे बाकीच्या शंका फिटल्या?" आणि स्टुलावर बसल्या. त्या दिवसापासून दुपारी चारला त्या यायच्या आणि सहाला जायच्या. बोलायच्या फारसं नाहीत. बाईच्या पाठीमागे बसून पडद्याकडे बघायच्या, आणि बाईला परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

एकसष्ट काही हलेनात. यंत्र प्रत्येक फेरीनंतर तक्रारींची लांबलचक नोंद लिहायचं. अमुक ओळीवर स्वल्पविराम अपेक्षित होता, म्हणे. बाई त्या ओळीवर जायची, तर तिथे सगळं ठीक. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की चूक वरच्या ओळीत असते, खालच्या ओळीवर पोचल्यावर यंत्राला ती कळते. वरच्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम खरंच नव्हता. स्वल्पविरामावर जिची हयात गेली, तिला ही चूक नजरेस पडायला दोन दिवस लागले. तिने अशा सतरा जागा दुरुस्त केल्या. लेखकांच्या नावांमध्ये सरांनी स्वल्पविराम दिले होते, यंत्राला तिथे 'आणि' हवं होतं, ते केलं. नव्या दमाने चारही फेऱ्या मारल्या. एकसष्ट.

पुन्हा मारल्या. एकसष्ट. ज्या तक्रारी दुरुस्त केल्या त्याच तक्रारी, त्याच ओळींवर, शब्दाचाही फरक नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी बाईने संगणक बंद करून चालू केला, खिडकी उघडली, खुर्ची बदलली. आपल्यालाच काहीतरी झालंय का, अशी तिला शंका यायला लागली. केलेली दुरुस्ती आपण खरंच केली होती, की करायचं नुसतं मनात आणलं होतं? ती फाइल उघडून बघायची, तर दुरुस्ती तिथेच. यंत्राला विचारायची, तर यंत्र म्हणे चूक तिथेच.

बाईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. निवृत्त झाला होता, पण घरातली कुठलीही अडचण तो अजून लिफ्टच्या भाषेतच सोडवायचा. जेवताना बाईने सगळं सांगितलं. त्याला संदर्भ म्हणजे काय ते कळलं नाही, पण बिघाड म्हणजे काय ते कळलं. तो म्हणाला, अर्धं काढून ठेव. त्रास थांबला तर दोष काढलेल्यात, नाही थांबला तर उरलेल्यात. मग त्यातलं अर्धं काढ. तारांचं असंच करतात.

बाईने फाइलीची एक प्रत बाजूला ठेवली आणि अर्धे संदर्भ उडवले. एकसष्ट. उरलेल्यातले अर्धे उडवले. एकसष्ट. शेवटी छातीवर दगड ठेवून सगळी फाइल कोरी केली. फेऱ्या मारल्या. यंत्राने तीच यादी छापली, आणि प्रश्नचिन्हं एकसष्ट.

दुकान बंद करून ती घरी आली आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

"अहो, मी सगळं काढलं. आत काही नाहीच. तरी तसंच चालतंय."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मग ती लिफ्टच ती नाही. मी एकदा एका इमारतीत अर्धा दिवस पॅनेल उघडून बसलो होतो. बाजूच्या लिफ्टचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरांचा संगणक कपाट आवरावं तसा उपसला. संदर्भांच्या फाइली दोन होत्या. एकच नाव, दोन वेगळ्या फोल्डरांत. बाई जीव तोडून नवी दुरुस्त करत होती, आणि पुस्तकाच्या शेवटी सरांनी जी आज्ञा लिहिली होती तिच्यात जुन्या फोल्डरचा पत्ता होता. तिने पत्ता बदलला, बाजूला ठेवलेली प्रत परत आणली, फेऱ्या मारल्या. तेवीस. त्यातली चार निघाली जोडरेघेमुळे. टोपणनावात एका जागी आखूड रेघ आणि एका जागी लांब, डोळ्याला दोन्ही सारख्याच. तीही गेली. उरली एकोणीस.

ही एकोणीस चिन्हं एकाच टोपणनावाची होती. रोमन अक्षरांत 'ताई', आणि त्याला लागून एकाहत्तर.

बाईचा आता आत्मविश्वास वाढला होता. तिने रेघा पाहिल्या, मोठी-लहान अक्षरं पाहिली, नको त्या मोकळ्या जागा शोधल्या. जुनी फाइल, नवी फाइल, कचऱ्यात टाकलेल्या फाइली, सगळं धुंडाळलं. नवऱ्याच्या पद्धतीने अर्ध्याचं अर्धं केलं. पाच दिवस गेले. यंत्र पहिल्या दिवसापासून एकच वाक्य लिहीत होतं, या नावाची नोंद सापडली नाही. बाई त्याचा अर्थ 'मला नीट शोधता येत नाही' असा लावत होती. सहाव्या दिवशी तिला उमगलं, की यंत्र खरं बोलतंय. नोंद हरवली नव्हती. सरांनी ती केलीच नव्हती.

चारला अक्का आल्या तेव्हा तिने विचारलं, ही ताई कोण.

"त्याला ताई नव्हती," अक्का म्हणाल्या. "मी एकटीच. आणि मी अक्का."

एकाहत्तर साली तो कॉलेजात होता, हॉस्टेलवर, असं त्यांनी आपणहून सांगितलं. ग्रंथपालांनी त्या सालची सगळी मासिकं पाहिली, काही मिळालं नाही. विभागप्रमुखांना फोन केला तर ते म्हणाले, सभा अकरा दिवसांवर आहे, एवढ्या मोठ्या पुस्तकात एकोणीस आकडे नसले तर कोण बघतंय, काढून टाका. बाईला ते एका मिनिटाचं काम होतं. तिने पहिल्या चिन्हावर कर्सर नेला. पण काढायचं तर किती काढायचं, नुसता कंस की त्याच्याआधीचे दोन शब्दही, हे बघायला तिला वाक्य वाचावं लागलं. मग दुसरं. मग एकोणीसच्या एकोणीस.

शास्त्रीय नावं सोडली तर कळायला कठीण असं त्यांत काही नव्हतं. टेकडीच्या उत्तर अंगाच्या खडकांवर अमुक दगडफूल करडं दिसतं आणि दक्षिण अंगाच्या खडकांवर पिवळट. स्मशानाच्या भिंतीवरचं दरवर्षी नखाएवढंही वाढत नाही. धुराड्याच्या बाजूला ते कुठल्या साली नाहीसं झालं. आणि प्रत्येक ठिकाणी कंसात पान क्रमांक: पान ४४, पान ११२, पान १७०. हा काही मासिकातला लेख नव्हता. लेखाला एकशेसत्तरावं पान असतं, पण मग पहिलंही एकशेसाठच्या आसपास असतं, चव्वेचाळीस नव्हे, एवढं तर बाईला इतक्या वर्षांत टाइप करून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आणि अक्का सरांच्या जुन्या वह्या शोधायला विभागात गेल्या. वाळवलेले नमुने ठेवतात ती लांबट खोली, छतापर्यंत लोखंडी कपाटं, कापूर आणि जुन्या कागदाचा वास. तिथल्या नमुनेवाल्यांनी नाव ऐकलं आणि सहज म्हणाले, "एकाहत्तर म्हणजे साल नव्हे. रजिस्टरचा नंबर."

कपाटातून त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही काढली. पाठीवर चिकटवलेला एकाहत्तर. आत बारीक, सरळ, उजवीकडे झुकलेलं अक्षर. सरांचं नव्हे. अक्कांनी भिंग लावून खात्री केली. आपल्याआधी ही खोली सांभाळायची त्या बाईचं हे अक्षर, असं नमुनेवाल्यांनी सांगितलं. सगळे तिला ताई म्हणत. पदवी नव्हती, नमुने धुवायला आणि चिकटवायला ठेवलेली. पण सर फिरायला निघाले की ती बरोबर असायची. बावीस वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मोठ्या रुग्णालयाच्या पुढे दोन थांब्यांवर पुतण्याकडे राहते. एवढं सांगून त्यांनी एका चिठ्ठीवर तिचं पूर्ण नाव आडनावासकट लिहून दिलं आणि वहीही बरोबर नेऊ दिली.

बसमध्ये अक्का भिंगातून वहीची पानं बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "तीस वर्षं हा रोज त्या खोलीत जात होता."

ताई दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या. पुतण्याच्या बायकोने आधीच सांगून ठेवलं, की त्यांना काही आठवतं, काही नाही. त्यांनी अक्कांना आधी रुग्णालयातली परिचारिका समजून हात पुढे केला. वही मांडीवर ठेवल्यावर मात्र त्यांची बोटं ओळखीने फिरायला लागली. बाईने एकोणीस वाक्यांचा कागद काढला आणि एकेक वाचून दाखवला. ताई वहीतलं पान उघडायच्या, मान हलवायच्या. सतरा झाली. पान ११२ आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे माझं नाही. हे त्यांनी पाहिलं. त्यांचे हात ओले होते, म्हणून मी लिहून घेतलं."

पुढचं, पान १७०, तेही त्यांचं नाही म्हणाल्या. बाईने पुस्तकाचं पान दाखवलं. सरांनी तर स्पष्ट लिहिलंय, ताईंच्या लक्षात प्रथम आलं. ताई गोंधळल्या. आपण विसरलो असू, असं पुटपुटल्या. मग म्हणाल्या, नाही, ते विसरले असतील. पाऊस पडत होता हे आठवतंय, कोण खडकाजवळ होतं आणि कोणाच्या हातात वही होती हे आता कसं सांगणार. आधीच्या सतरांपैकीही एखादं त्यांचं असेल. त्यांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली.

"ते म्हणतात माझं, मी म्हणते त्यांचं. आता तुम्हीच बघा."

बाईने अक्कांकडे पाहिलं. अक्का गॅलरीच्या कठड्याकडे बघत होत्या. निर्णय असा कोणी घेतलाच नाही. परत येऊन बाईने सरांनी लिहिलं तसंच ठेवलं, एकोणीसच्या एकोणीस. दोन कमी करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे तिला ठरवता येईना, आणि ज्यांना अधिकार होता त्यांच्यातले एक हयात नव्हते, दुसऱ्यांना खात्री नव्हती.

नोंद तिने स्वतः केली. आयुष्यातली पहिली. लेखक: ताईंचं पूर्ण नाव. शीर्षक: निरीक्षणांची वही, हस्तलिखित. स्थळ: नमुनेघर, क्रमांक एकाहत्तर. यंत्राने लगेच तक्रार केली, साल रिकामं आहे. वहीत महिने होते, तारखा होत्या, साल कुठेच नव्हतं. ताईंना फोन करून विचारलं तर त्यांनी तीन वेगवेगळी सालं सांगितली. बाईने 'साल नोंदलेलं नाही' असं लिहिलं. एकदा आपण, एकदा तो, दोनदा परत आपण. प्रश्नचिन्ह एकही नाही.

तिने शेवटचं म्हणून परिशिष्ट चाळलं, तर तिथे वेगळाच घोळ. सरांनी चार ठिकाणी टोपणनावाऐवजी हातानेच आकडे लिहिले होते, संदर्भ २१५ पाहा वगैरे. ताईंची नोंद आडनावाप्रमाणे मध्येच घुसल्याने पुढचे सगळे आकडे एकाने सरकले होते आणि २१५ला आता भलताच गृहस्थ बसला होता. निस्तरायला आणखी अर्धी दुपार गेली. पुस्तक सभेच्या आदल्या दिवशी बाइंडरकडून आलं.

सभेत ताई आल्या नाहीत, जिने उतरणं त्यांना जमत नव्हतं. भाषणं झाली. विभागप्रमुखांनी बाईचे आभार मानताना तिला 'आमच्या मार्जिनबाई' म्हटलं आणि लोक हसले. ताईंचं नाव कोणी घेतलं नाही, कारण ते यादीत दोनशे तिसऱ्या क्रमांकावर होतं आणि तिथवर अजून कोणी पोचलं नव्हतं.

पुढे विद्यापीठात बातमी पसरली, की प्रश्नचिन्हं घालवायला मार्जिनबाईकडे जावं. मुलं येतात. ती आधी विचारते, फाइली किती आहेत, आणि चुकीच्या फोल्डरचा पत्ता तिला चटकन सापडतो. पण तेच काम तीनदा का करायचं हे तिला अजून पटलेलं नाही, आणि कोणी विचारलं तर ती वही पुढे करते.

अक्का आता चारला येत नाहीत. गुरुवारी त्या रुग्णालयाच्या दोन थांबे पुढे जाऊन ताईंकडे बसतात. ताई त्यांना कधी ओळखतात, कधी नाही. एकदा परतताना अक्का बाईच्या खोलीत डोकावल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तिला आमच्या घराचा रंगसुद्धा माहीत आहे. मी कुठल्या शाळेत होते तेही. तो तिला सगळं सांगायचा. मग मला तिच्याबद्दल एकदाही का नाही?"

बाई टाइप करत होती. तिची बोटं थांबली. अक्का उत्तरासाठी थांबल्या नव्हत्या. त्या मान तुकवून दाराबाहेर पडल्या. जिथे थांबली होती ती ओळ बाईला सापडेना, म्हणून तिने पान पहिल्यापासून वाचायला घेतलं.